भिंतीकडे तोंड करून

"यंदाच्या गणपतीत अध्यक्षांना आरसा दाखवतो की नाही बघाच," असं वामनरावांनी छातीठोकपणे जाहीर केलं. जाहीर केलं ते सकाळी दाढी करताना, आरशालाच. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती त्यांच्यापाशी नव्हती. आरशातला माणूससुद्धा जरा दचकल्यासारखा दिसला.

गोष्ट सत्तर-एकाहत्तर सालची. वामनराव नागपुरातल्या एका जुन्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवण्याचं काम करत. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना एक विद्या अवगत झाली होती. पुस्तकाचं तोंड न पाहता, नुसत्या पाठीवरून ते कोणतं पुस्तक आहे हे ते सांगत. या विद्येचा त्यांना एरवी काही उपयोग नव्हता. फक्त बुधवारी होता.

बुधवारी वामनराव घरी उशिरा येत. "वाचनालयात पुस्तकांची मोजणी असते," असं त्यांनी सुभद्राबाईंना अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सुभद्राबाई कडक सोवळ्याच्या. बाजारातून आणलेली भाजीसुद्धा त्या अशा धुवायच्या की वांग्याचा रंग जावा. त्यांनीही कधी फारशी चौकशी केली नाही, कारण बुधवारी त्याच वेळी अध्यक्षांच्या घरी महिला मंडळाचं भजन असे आणि त्यांना तिथे जायचं असे. एकूण संसार सुरळीत होता.

मोजणी वगैरे काही नव्हती. वामनराव सायकल मारत विणकरांच्या मोहल्ल्यात जात. तिथे माग खडखडत असत, आणि मागांच्या खोलीमागे धोंडबाची खानावळ होती. धोंडबाच्या हातचा मटणाचा काळा रस्सा अख्ख्या नागपुरात नावाजलेला. तिखट असा, की पहिल्या घासाला माणसाला आपले सगळे अपराध आठवावेत आणि दुसऱ्या घासाला ते माफ झाल्यासारखे वाटावेत. पुढच्या दाराने सगळी दुनिया येऊन जेवत असे. मागच्या दाराने 'सभ्य' मंडळी येत. त्यांच्यासाठी मागे एक खोली होती आणि त्या खोलीचा एक अलिखित कायदा होता. तिथे प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं. कुणी कुणाकडे बघायचं नाही, कुणी कुणाला ओळखायचं नाही. जेवण झालं की मान न वळवता उजवा हात मागे करायचा, आणि धोंडबा त्या तळहातावर मूठभर बेसन ठेवायचा. बेसनाने हात धुतले की वास जातो. मग बडीशेप चघळायची, आणि मागच्या दाराने निघून जायचं.

त्या खोलीत वामनरावांनी अकरा वर्षांत एकही चेहरा पाहिला नव्हता. पाठी मात्र सगळ्या पाठ होत्या.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. वामनराव चातुर्मासात कांदा खात नसत. ताटात मटणाशेजारी चिरलेला कांदा दिसला की ते हळूच म्हणत, "धोंडबा, कांदा नको. चातुर्मास आहे." रस्स्याच्या वाटणात कांदा असतोच, पण तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कांद्याबद्दल शास्त्रात काही सांगितल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं.

आता अध्यक्षांना आरसा कशासाठी, ते सांगतो.

वस्तीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव. नऊ वर्षं अध्यक्ष. कपाळाला गंध एवढं ठसठशीत, की अंधारातही ओळखू यावेत. श्रावणातल्या सभेत नैवेद्याच्या मोदकांसाठी बायकांची नावं वाचली जात होती. त्यात भैय्याजीच्या बायकोचं, ताराचं नाव आलं. भैय्याजी पारशिवनीकडचा तरुण कारकून, नुकताच वस्तीत राहायला आलेला. मनोहररावांनी खिशातून पेन काढलं आणि ते नाव खोडलं.

"ज्या घरात अंडी फुटतात, त्या घरचे हात बाप्पाच्या नैवेद्याला लागणार नाहीत."

भैय्याजी उभा राहिला. "अंडी मी खातो जी. तारा तर हातसुद्धा लावत नाही. माझं आम्लेट मीच करून घेतो."

"वास तर घेते ना?"

सभेत सगळे खाली बघायला लागले. अध्यक्षांच्या मागे कोपऱ्यात बसलेले वामनरावही खाली बघत होते. पण त्यांच्यासमोर मनोहररावांची पाठ होती. सदऱ्याच्या कॉलरच्या वर, मानेच्या मधोमध, हरभऱ्याएवढा तीळ. गेली सात वर्षं दर बुधवारी वामनरावांच्या डाव्या हाताला हाच तीळ बसत होता, आणि जेवताना कसा खालीवर होत असे हेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या ओठांवर आलं होतं, "मनोहरराव, परवा तुम्ही मटणाच्या तीन नळ्या खाल्ल्या." पण पुढचा प्रश्न काय येणार हे कळायला पंडित लागत नाही. "तुम्ही कुठं होता?" आणि तिथून ते सुभद्राबाईंच्या कानावर जाणार. सुभद्राबाई काय करतील याची कल्पना करायचा वामनरावांनी एकदा प्रयत्न केला होता. ट्रंक, टांगा आणि सावनेरच्या भावाचं घर इथवर पोचले आणि पुढची कल्पना त्यांनी सोडून दिली होती.

म्हणून त्यांनी नाटक लिहिलं. जे तोंडाने बोलायची हिंमत नाही, ते माणूस नाटकात लिहितो.

नाटकाचं नाव 'शुद्धमूर्ती'. तीन प्रवेश. गावाला सात्त्विकतेचे धडे देणारे एक गृहस्थ गुपचूप मागच्या दाराने खानावळीत जातात, एवढंच कथानक. वामनरावांनी त्यात डोळ्यांनी पाहिलेलं सगळं घातलं. खानावळवाला सायकलला पितळी डबे अडकवताना "भजनाचे डबे भरले काय?" असं घरात विचारतो, तेसुद्धा घातलं. हे वाक्य त्यांनी धोंडबाच्या तोंडून दर बुधवारी ऐकलं होतं. कुठल्याशा देवळातले टाळकरी असतील, अशी त्यांची समजूत होती. कांदा नको म्हणण्याचं वाक्यही घातलं. ते काही विनोद म्हणून नव्हे, पात्राचा धार्मिक स्वभाव दिसावा म्हणून. बेसन मात्र मुद्दाम गाळलं. ते फार आतलं होतं. बेसनाचं ज्याला ठाऊक, तो खोलीत बसलेलाच असणार.

वही मंडळाकडे गेली, आणि त्या दिवसापासून वामनरावांना जेवण जाईनासं झालं. आता मनोहरराव ओळखणार. आता बोलावणं येणार.

बोलावणं आलंच. मनोहरराव झोपाळ्यावर बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

"वामनराव, हसून हसून पोट दुखून राहिलं जी. हा तर हुबेहूब आपला गणपतराव."

वामनरावांनी विचारलं, "गणपतराव?"

"मग दुसरा कोण? आपण बोलायचं नाही. पण ही भूमिका मी करणार. ढोंगी माणूस रंगवायला निर्मळ माणूसच लागतो, नाहीतर लोकांना खरंच वाटायचं."

बाहेर पडताना फाटकापाशी वस्तीतले हेच गणपतराव भेटले. त्यांनी वामनरावांचा हात दाबला आणि कानात म्हणाले, "अध्यक्षाला बरोबर उतरवलात. त्याला समजलं नाही ना? बरं झालं." गणपतरावांची पाठ खोलीत उजवीकडून तिसरी होती.

तालमी सुरू झाल्या. खानावळवाल्याची भूमिका भैय्याजीने मागून घेतली. वामनराव विंगेत वही घेऊन वाक्यं सुचवायला बसत. जेवणाच्या प्रवेशात कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षसाहेब, तोंड लोकांकडे करून बसा ना, दिसाल कसे?"

"असल्या ठिकाणी माणूस भिंतीकडेच तोंड करून बसतो," मनोहरराव ठामपणे म्हणाले. मग थांबले. "असं ऐकलंय."

"मीही ऐकलंय," गणपतराव म्हणाले.

"मीही," असं आणखी चार ठिकाणांहून आलं.

भैय्याजीने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "मी तर खानावळीत तोंड ताटाकडे करून बसतो जी."

नाटक नेमकं बुधवारी आलं. दिवेलागणीला आरती झाली, सतरंज्या पसरल्या. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे सुतळी. मंडळाने एकच मायक्रोफोन भाड्याने आणला होता. तो प्रेक्षकांना दिसू नये म्हणून विंगेला बांधला होता, वामनरावांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पहिल्या ओळीत सुभद्राबाई आणि त्यांच्या शेजारी मनोहररावांच्या पत्नी, महिला मंडळाच्या प्रमुख कुसुमताई. नाटकासाठी बटाट्याचा खोटा रस्सा करून देण्याचं काम कुसुमताईंनी आनंदाने अंगावर घेतलं होतं. झाकण लावलेलं पातेलं विंगेत ठेवून त्या बसायला गेल्या होत्या.

पडदा वर गेला. भैय्याजी पदरासारखा पंचा खांद्यावर टाकून आला आणि त्याने पहिलं वाक्य टाकलं, "भजनाचे डबे भरले काय गा?"

डावीकडे, बायकांत, हशाची एक लाट उठली. उठली आणि पदरांत बुडाली. कुसुमताई ठसका लागल्यासारख्या खोकू लागल्या. उजवीकडे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. वामनरावांनी वहीत पाहिलं. या वाक्यात विनोद नव्हता. लेखकाला स्वतःच्या लिहिण्याबद्दल आधीच शंका असते. त्यात भलत्या ठिकाणी हशा आला की ती पक्की होते.

मनोहरराव पाय न वाजवता आले, इकडेतिकडे बघितलं, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. हरभऱ्याएवढा तीळ गॅसबत्तीच्या उजेडात लख्ख दिसू लागला. पुरुषांच्या बाजूला एक विचित्र शांतता पसरली. सतरंजीवरच्या पंधरा-वीस माणसांना ती पाठ फार ओळखीची वाटू लागली होती.

"मटण वाढ," मनोहरराव म्हणाले, "पण कांदा नको. चातुर्मास आहे."

मांडव कोसळेल असा हशा झाला. डावीकडे, उजवीकडे, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांतसुद्धा. टाळ्या पडल्या. वामनराव विंगेत गोंधळून वही चाळत होते. हसले कशाला? साधं तर वाक्य होतं.

भैय्याजीने पातेल्यातला रस्सा वाढला. मनोहररावांनी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि ते थांबले. पुढचं वाक्य येईना. वामनरावांनी मायक्रोफोनवर तळहात धरून सुचवलं, "वा, काय चव आहे." नाही. पुन्हा सुचवलं. मनोहरराव ऐकतच नव्हते. ते जेवत होते. खरोखर जेवत होते. त्यांनी वाटी तोंडाला लावली, भाकरीने ताट पुसलं. तीळ ओळखीच्या तालात खालीवर होऊ लागला. वास विंगेपर्यंत आला आणि वामनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. बटाट्याच्या रस्स्याला हा वास कुठून आला, असा विचार करायला मात्र वेळच मिळाला नाही. कारण ताट संपलं होतं, आणि सात वर्षांच्या सवयीने मनोहररावांनी, मान न वळवता, उजवा हात मागे केला होता.

तळहात उघडा. वाट बघतोय.

भैय्याजी त्या हाताकडे बघत राहिला. वहीत असं काही नव्हतं. त्याने हात मिळवून पाहिला. मनोहररावांनी तो झटकला आणि पुन्हा तळहात उघडला. भैय्याजीने भाकरी ठेवली. ती खाली टाकण्यात आली. नाटक खड्ड्यात चाक रुतलेल्या बंडीसारखं उभं राहिलं. भैय्याजीने घाबरून विंगेकडे पाहिलं, आणि वामनरावांच्या तोंडून विचार करण्याआधीच निघून गेलं:

"बेसन दे, बेसन."

वीतभरावर मायक्रोफोन होता, आणि या वेळी त्यावर तळहात नव्हता. "बेसन दे, बेसन" हे शब्द वामनरावांच्या खास बारीक आवाजात दोन भोंग्यांतून वस्तीभर फिरले, आणि पलीकडच्या चौकातून परत आले.

मग मांडवाच्या मागच्या टोकाला कुणीतरी धडपडत उठलं. रोषणाई बघायला म्हणून आलेला खरा धोंडबा होता तो. समोर मागे केलेला हात दिसला, कानावर बेसन आलं. वीस वर्षांचा धंदा अंगात मुरलेला. तो मोठ्याने म्हणाला, "आनतो मालक."

उजवी बाजू फुटली. पुरुष हसले, असे हसले की गणपतराव शेजाऱ्याच्या मांडीवर पडले. तीन माणसांनी सवयीने आपापले उजवे हात मागे करून दाखवले. पाच माणसांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. वर्षानुवर्षं दाबलेलं हसू ते, एकदम सुटलं.

आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की डावी बाजू हसत नाहीये.

बायका शांत होत्या. त्यांना त्या हातात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. त्या सुतळीपलीकडे बघत होत्या: कोण हसतोय, आणि ज्याला हसू आलं त्याला ते का आलं. एकेक बाई आपापला नवरा शोधत होती. ज्याच्यावर नजर पडली त्याचं हसू जागच्या जागी वाळत होतं. थोड्याच वेळात उजव्या बाजूला एवढी शांतता झाली, की गॅसबत्तीचा आवाज ऐकू येऊ लागला.

सगळे आता धोंडबाकडे बघत होते. धोंडबाला आपली चूक समजली. त्याने पागोटं सारखं केलं, आणि खोलीचा कायदा पाळत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "मी इथं कोनालेच वळखत नाही गा." आणि खाली बसला.

याहून पक्की ओळख कुणी दिली नसती.

पाटावर बसलेले मनोहरराव अजून भिंतीकडेच तोंड करून होते. त्यांना आता उठता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, हातही परत घेता येत नव्हता. भैय्याजीच्या मनात आलं असतं तर त्याला त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. ताराचं नाव खोडलेलं तो विसरला नव्हता. पण त्याने खांद्यावरचा पंचा काढला, त्या उघड्या तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "हात पुसा साहेब. आमच्या घरी वासाचं कुणी मनावर घेत नाही."

पडदा पडला. म्हणजे वामनरावांनी पाडला. पाडण्यापूर्वी त्यांनी फटीतून एकदा पहिल्या ओळीकडे पाहिलं. सुभद्राबाई पुरुषांकडे बघत नव्हत्या. सरळ विंगेकडे बघत होत्या.

घरी दोघं मागेपुढे चालत गेली. सकाळी वामनराव स्नान करून, स्वच्छ धोतर नेसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. भाषण त्यांनी पहाटेच तयार केलं होतं. त्यात दोन ठिकाणी संस्कृत होतं. सुभद्राबाई दूर्वा निवडत होत्या. कोपऱ्यातली ट्रंक जागेवर होती. वामनरावांनी आधी तिच्याकडेच पाहिलं.

"अगं, मला काही सांगायचं आहे. मानवी मनाचे दोन भाग असतात..."

"चहा थंड होऊन राहिला."

वामनरावांनी चहा घेतला. मानवी मनाचे दोन्ही भाग विसरले. "बुधवारी मोजणी नसते," एवढंच म्हणाले.

"ठाऊक आहे. अकरा वर्षं मोजून होत नाहीत एवढी पुस्तकं तुमच्याकडे असती, तर तुम्हाला बढती नसती मिळाली?" सुभद्राबाईंनी दूर्वांची एक जुडी बांधली. "आणि बेसनानं हाताचा वास जातो हो. मिशीचा जात नाही."

वामनरावांचा हात मिशीकडे गेला. ट्रंक अजून जागेवरच होती. त्यांना जरा धीर आला, आणि धीर आल्यावर कालचा प्रश्न आठवला.

"कुसुमताईंनी रस्सा फार छान केला होता. अगदी... म्हणजे अगदी तसाच."

सुभद्राबाईंनी दुसरी जुडी बांधायला घेतली. ती काही केल्या बांधली जाईना.

"बटाटे कुसुमताईंनी टाकले," त्या म्हणाल्या.

"आणि रस्सा?"

"बुधवार होता ना काल."

वामनरावांना आठवू लागलं. पितळी डबे. सायकल. भजनाचे डबे भरले काय गा. पदरात बुडालेली ती हशाची लाट. सगळं एकेक करून, नंबराप्रमाणे, कपाटात आपापल्या जागी जाऊन बसलं.

"तुम्ही सगळ्या?"

"आम्ही तुकड्याला हात लावत नाही," सुभद्राबाई कडक आवाजात म्हणाल्या. "नुसता रस्सा घेतो. भजन म्हणून घसा बसतो. आणि ताराला आज मोदक वळायला बोलावलंय. कुसुमताई स्वतः गेल्या होत्या सांगायला. अध्यक्षांना विचारायला कुणी गेलं नाही. ते अजून पांघरुणातून बाहेर आले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेत."

वामनरावांना हसू यायला हवं होतं. निदान आपल्या नाटकाचं सार्थक झालं असं तरी वाटायला हवं होतं. पण त्यांच्या मनात एक वेगळीच शंका डोकावली, आणि ती विचारताना त्यांचा आवाज खाली गेला.

"रस्सा घेता ते ठीक. पण डब्याबरोबर धोंडबा कांदा पाठवतो, तो?"

सुभद्राबाईंनी दूर्वा खाली ठेवल्या आणि दोन्ही कानांना हात लावले.

"काहीतरीच काय बोलता? चातुर्मास आहे."

"हो ना," वामनराव समाधानाने म्हणाले. "तेवढं पाळायलाच पाहिजे."